साकवाचं काम आणि पायाचं कर्म

आमच्या वाडीत व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, एक साकव, छोटा पूल, आहे. आहे म्हणजे होता. पावसाळ्यात वाडीतून डांबरी रस्त्याला लागायची तेवढीच जवळची वाट, नाहीतर देवळाकडून दीड किलोमीटरचा वळसा. खाऱ्या वाऱ्याने स्लॅबखालचं सिमेंट गळून सळ्या उघड्या पडल्या होत्या आणि एका बाजूचा कठडा पडायला आलेल्या दातासारखा हलायचा. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, तिन्हीसांजेला, आमचे शेजारी रेशनचे तांदूळ खांद्यावर घेऊन येत होते. मी त्यांना दादा म्हणतो. ते मधोमध आले आणि पायाखालचा तुकडाच व्हाळात गेला, त्याबरोबर तेही गेले. पाणी कमरेएवढं होतं म्हणून वाचले. मांडीचं हाड मात्र मोडलं.

इस्पितळातून घरी आणल्यावर मी भेटायला गेलो. पडवीतल्या बाजेवर, पायाखाली उशी घेऊन पडले होते. कसं वाटतंय विचारलं तर हसले. म्हणाले, “मागच्या जल्मी मिया कोणाचो तरी पाय मोडललो आसतलो. तेची परतफेड.” वहिनी चहा घेऊन बाहेर येत होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “मागच्या जल्माचा माका म्हायत नाय. साकवाची सळी दोन वर्सा भायर दिसत होती, ता माका म्हायत आसा.”

कर्मसिद्धान्तावर मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत. इतकं नेमकं कोणी बोललेलं आठवत नाही. पुढचं सगळं वहिनींची बाजू घेऊन लिहिलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

भाषेपासून सुरुवात करू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. नळाला पाणी आलं नाही की आपण म्हणतो ‘काय माझं कर्म!’ भांडण मिटता मिटत नाही ती कर्मकटकट. हातातलं घालवून बसणारा कर्मदरिद्री. रस्त्यात अचानक कोणी भेटलं तर ‘कर्मधर्मसंयोगाने’ भेटलं, म्हणजे जिथे कोणाचंच काही कर्तृत्व नाही तिथेही कर्म हजर. ‘दैव देतं आणि कर्म नेतं’ ही म्हण मात्र नीट ऐकून बघा. तिच्यात दैव एका बाजूला आहे आणि कर्म दुसऱ्या. दैवाने दिलं होतं, घालवलं ते माणसाने आपल्या वागण्याने. ज्याने ही म्हण पहिल्यांदा उच्चारली त्याच्या डोक्यात कर्म म्हणजे नशीब नव्हतं. आज आपण ही दोन्ही टोकं एकाच शब्दात कोंबतो आणि मग जे टोक सोयीचं असेल ते ओढतो.

कोकणात याच्या जोडीला आणखी एक शब्द आहे, तो उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो: करणी. गाय आटली, मुलाचं लग्न जुळेना, होडीला मासळी लागेना, की कोणीतरी करणी केलेली असते. कर्म काय आणि करणी काय, दोन्ही ‘करणे’ या एकाच क्रियापदाच्या घरातले. पहिला म्हणतो दोष तुझ्याच मागच्या जन्माचा, दुसरा म्हणतो दोष पलीकडच्या शेजारणीचा. गाय का आटली, तिला काय घातलं होतं, डॉक्टरला कधी दाखवलं, हे दोघांच्या मधून सुटून जातं.

आणि ‘काम’? संस्कृतात कर्म, प्राकृतात कम्म, मराठीत काम. (इच्छेचा ‘काम’ तो वेगळा.) रोज सकाळी आपण ज्याला काम म्हणतो ते कर्मच आहे, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. एकाच शब्दाची दोन रूपं आपण घरात ठेवली आणि त्यांची वाटणी करून टाकली. करायचं ते काम आणि भोगायचं ते कर्म. साकवाचं काम झालं नाही, म्हणून दादांच्या पायाचं कर्म झालं. मधला धागा तोडला की ज्यांच्याकडे ते काम होतं ते सगळे मोकळे.

त्या मोकळ्या झालेल्यांत मीही आहे. दोन पावसाळे मी त्याच साकवावरून ये-जा केली. कुठे पाय द्यायचा नाही हे मला पाठ होतं, वाडीकडून निघाल्यावर सातवं पाऊल टाळायचं. दादांनाही ते माहीत होतंच. पण खांद्यावर तांदूळ, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ आणि अंधारून आलेलं असताना पावलं मोजत कोण चालतो? मला एक अर्ज लिहिता आला असता. लिहिला नाही. त्या वर्षीच्या ग्रामसभेला मी गेलो होतो आणि बोललोही होतो, देवळाच्या सभामंडपाला कोणत्या रंगाचे पत्रे घालावेत यावर.

तर शास्त्राकडे वळू. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण अशी कर्माची तीन नावं आपल्या परंपरेत आहेत. भातशेती बघितलेल्या माणसाला ती समजायला पोथी लागत नाही. कणगीत साठवलेलं ते संचित. त्यातलं काढून, भरडून, आत्ता चुलीवर रटरटतंय ते प्रारब्ध. करपलं असेल तरी आज तेच ताटात येणार. आणि मिरगाच्या पावसाबरोबर आपण जो तरवा, म्हणजे लावणीसाठीची भाताची रोपं, पेरतो ते क्रियमाण. आपल्या बोलण्यात पहिल्या दोघांचा एवढा दबदबा आहे की तिसऱ्याचं नाव निघत नाही. शेतकरी स्वतः मात्र तसा वागत नाही. गेल्या ऑक्टोबरात कापणीला आलेलं भात पावसाने आडवं केलं म्हणून यंदा जूनमध्ये कोणी कणगीकडे बघत बसलेला मी पाहिलेला नाही. शिव्या घालतो आणि पेरतो. (पेरणारेच आता कमी उरलेत, निम्मी वाडी मुंबईला आहे, पण तो विषय वेगळा.)

गीतेतला ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ लग्नपत्रिकेपासून रिक्षाच्या मागच्या काचेपर्यंत सगळीकडे आहे. अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक कोणाच्या तोंडी येत नाही. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं तिथे सांगितलं आहे: अधिष्ठान म्हणजे जागा, कर्ता, करणं म्हणजे साधनं, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि ‘दैवं चैवात्र पञ्चमम्’. साकवाला हे लावून बघितलं तर जागा म्हणजे व्हाळ आणि खारा वारा. साधन म्हणजे तो स्लॅब. कर्ता चालणारा माणूस, हालचाल म्हणजे ओझं आणि तिन्हीसांजेची घाई. या चौघांचा हिशेब करून काही शिल्लक राहिलं तर पाचव्याचं दार ठोठवायचं. आपण थेट पाचव्याकडे जातो आणि त्याच्याच ओटीवर बसून राहतो. पुढे सोळाव्या श्लोकात तर स्वतःला एकट्यालाच कर्ता समजणाऱ्याला दुर्मती म्हटलं आहे. तिथला रोख अहंकारावर आहे, हे कबूल. पण ‘सगळं माझंच कर्म’ असं म्हणणाऱ्या दादांना मी तो श्लोक एकदा ऐकवला. म्हणाले, म्हणजे पाय मोडून वर दुर्मती पण मीच!

बौद्ध परंपरेत याहून स्पष्ट दाखला आहे. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात सीवक नावाचा एक परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, बुद्धाला विचारतो, माणसाच्या वाट्याला येणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपलं काय मत? बुद्ध एकेक कारण मोजतात. पित्त. कफ. वात. तिघांचं एकत्र बिघडणं. ऋतूतला बदल. चुकीची वागणूक. बाहेरून झालेला आघात. आणि आठवं, कर्माचा विपाक, म्हणजे कर्माचं फळ. सगळं पूर्वकर्मामुळेच म्हणणारे अनुभवाच्या पलीकडे जातात, असंही ते बजावतात. एके ठिकाणी पाचांत पाचवं, दुसरीकडे आठांत आठवं. ज्यांच्या नावाने आपण कर्म सांगतो त्यांनी त्याला रांगेत शेवटी उभं केलं होतं.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्या श्लोकांपेक्षा जास्त पटवते. महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणात लाल विंचू पुष्कळ. चिऱ्यांच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात, भाताच्या उडवीत. रात्री अंधारात मुलाने हात घातला की डसायचा. आधी दरदरून घाम, मग हातपाय बर्फासारखे, मग धाप, आणि शेवटी तोंडाला फेस. फुप्फुसांत पाणी भरून मूल सकाळच्या आत जायचं. विंचू उतरवणारा मांत्रिक असायचा, मंत्र असायचे. उतरला तर मंत्राचा गुण आणि नाही उतरला तर त्याचं आयुष्यच तेवढं. गंभीर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांच्या घरात होतं. बावस्कर रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. विष नेमकं कुठे आघात करतं हे लक्षात आल्यावर ऐंशीच्या दशकात त्यांनी रक्तदाबावरचं एक साधं औषध, प्राझोसिन, द्यायला सुरुवात केली. निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचवाच्या विषात त्या दशकात काही बदल झालेला नव्हता. मुलांच्या मागच्या जन्मांतही झालेला नसणार. मग त्याआधी रायगड जिल्ह्यातल्या आयांना ‘तेवढीच त्याची दोरी होती’ असं सांगून ज्यांनी गप्प केलं, त्यांनी नक्की काय सांगितलं होतं?

ओळखीच्या एका कीर्तनकारबुवांशी मी यावर वाद घातला आहे. ते म्हणाले, औषध सापडायच्या काळात जन्माला येणं हेही त्या मुलांच्या कर्मातच होतं. या युक्तिवादाला उत्तर नाही. काहीही घडलं तरी तो बरोबरच ठरतो. मूल गेलं तरी बरोबर, वाचलं तरी बरोबर. फक्त रात्री दोन वाजता विंचू डसलेल्या पोराला कुठे न्यायचं, एवढं त्याच्याकडून कळत नाही.

कर्माचा हा वापर निरुपद्रवी असता तर मी हा लेख लिहिला नसता. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये गोदूबाई या बालविधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आठ-दहा वर्षांच्या मुलीचा नवरा वारला, तर त्यात तिचा काय अपराध? त्या काळाचं उत्तर तयार होतं: तिचं पूर्वजन्मीचं पाप. हे उत्तर किती सोयीचं आहे बघा. ज्याने आठव्या वर्षी मुलीचं लग्न लावलं तो बाप सुटतो, केस काढणारं गाव सुटतं, आणि सगळा भार येऊन पडतो तो जिला अजून पाढेही येत नाहीत तिच्यावर. कर्व्यांनी कर्मविपाकावर वाद घातल्याचं मला ठाऊक नाही. त्यांनी लग्न केलं आणि नंतर शाळा काढली.

वाद घातला तो मंडणगड तालुक्यातलं आंबडवे ज्यांचं मूळ गाव, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ज्यांच्या हाती लागू नये म्हणून डोकी फोडली गेली, त्यांना पिढ्यान् पिढ्या हेच ऐकवलं गेलं होतं की जन्म कर्माने मिळतो. बुद्धावरच्या आपल्या अखेरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी या मुद्द्याला थेट हात घातला. गरिबाच्या आजच्या स्थितीला त्याचं गतजन्मीचं कर्म कारण मानलं, तर त्यातून एकच गोष्ट साधते, राज्य आणि समाज आपल्या जबाबदारीतून सुटतात, असं त्यांचं म्हणणं. आणि कर्माचा नियम त्यांनी टाकून दिला नाही. तो समाजाच्या नैतिक व्यवस्थेबद्दल आहे, एकट्यादुकट्याच्या नशिबाबद्दल नाही, असं त्यांनी मांडलं. माझ्या मते कर्मावर मराठी मुलखातल्या माणसाने केलेला हा सर्वांत मोलाचा विचार आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतेवर लिहिताना कर्मविपाकाच्या जोडीला आत्मस्वातंत्र्य बसवलं आणि माणूस कर्माने पुरता बांधलेला नाही हे ठासून सांगितलं, तेही थोर आहे. पण टिळकांचा माणूस एकटा उभा आहे. बाबासाहेबांच्या मांडणीत गाव आहे, तळं आहे, त्या तळ्याभोवतीचे पहारेकरी आहेत.

ही फार जुनी गोष्ट झाली असं वाटत असेल तर चिपळूण तालुक्यातलं तिवरे आठवा. 2 जुलै 2019 च्या रात्री तिथलं मातीचं धरण फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं वाहून गेली. धरणाला गळती आहे अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. त्यावर महाराष्ट्र हसला, काही आंदोलकांनी खेकडे धरून पोलीस ठाण्यात नेले. मला ते ऐकून वेगळंच वाटलं. खेकडा ही निदान डोळ्यांनी दिसणारी वस्तू आहे, खोटं आहे हे दाखवून देता येतं. ‘त्यांची वेळ आली होती’ असं म्हणाले असते तर कोणी हसलं नसतं. माना हलवल्या असत्या.

आपल्या दार्शनिकांना ही अडचण दिसली नव्हती असं नाही. त्यांनी दोन दोषांना नावं दिली होती: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेल्या कर्माचं फळ न मिळताच ते विरून जाणं हा पहिला. न केलेल्याचं फळ गळ्यात येऊन पडणं हा दुसरा. जगात तर दोन्ही उघड दिसतात. निकृष्ट काम करणारा बंगला बांधतो, वरून चालणारा पडतो. मग जग अंदाधुंद ठरू नये म्हणून मागचा आणि पुढचा जन्म हिशेबात धरला, की वही जुळते. तर्क देखणा आहे. मी त्याला हसत नाही. पण एक गोष्ट विसरू नये, त्यांनी या दोन गोष्टींना दोष म्हटलं होतं. असं घडता कामा नये, ही त्यामागची तळमळ होती. ती तळमळ आपण टाकून दिली आणि उत्तर तेवढं ठेवलं. मला वाटतं, कायदा, चौकशी, नुकसानभरपाई, 2005 पासून हातात असलेला माहितीचा अधिकार, या सगळ्या कृतनाश आणि अकृताभ्यागम याच जन्मात थोडे तरी कमी करायच्या खटपटी आहेत. कर्मावर खरी श्रद्धा असलेल्या माणसाने ग्रामसभेला सगळ्यांत आधी जाऊन बसायला हवं.

फळ एकट्याच्या खात्यावर जमा होतं, ही समजूतच किनाऱ्यावर टिकत नाही. रापण बघा. होडीने अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर घेऊन किनाऱ्यावर दोन रांगांनी ओढायचे. म्हातारे, पोरं, कधी पाहुणेही. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात, जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा. मधल्या कोणी दोर नुसताच धरला, ओढला नाही, तर जाळं तिरकं येतं आणि ते सगळ्यांना हाताला कळतं. कोणी ओढला नाही हे मात्र कळत नाही. आता याच समुद्रात रात्री दूरवर दिव्यांची रांग दिसते. केंद्राने 2017 मध्ये एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर बंदी घातली, राज्याने त्याच्या आदल्या वर्षी मासळीच्या थव्याला वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, तरी दिसते. उजेडाकडे ओढला गेलेला सगळा थवा, पिल्लांसकट, एका फेऱ्यात उचलला जातो आणि रापणीच्या दोराला नुसता शेवाळ आणि जेलीफिश येतो. कर्म तिकडच्या बोटीचं आणि फळ इकडच्या वाळूवर. ‘वरचा बघून घेईल’ असं म्हणणाऱ्या रापणकरांना मी दोष देणार नाही, त्यांच्या हातात दुसरं उरलेलं नाही. पण गस्तीनौका पाठवायची ज्यांची नोकरी आहे त्यांनीही वरच्यावर सोपवावं, हे जरा जास्त झालं.

मग कर्माचं रोजच्या जगण्यात काहीच उरत नाही का? पुष्कळ उरतं. माझ्या ओळखीत आंब्याचा धंदा करणारा एक तरुण आहे. हुशार, गोड बोलणारा. एका वर्षी मोहोर कमी, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी जास्त. त्याने पेटीच्या खालच्या थरात परराज्यातला आंबा भरला, वर पेंढा, त्यावर आपल्या बागेतला थर. दिसायला दोन्ही हापूस. त्या वर्षी त्याला रात्री झोप आली नाही, असं त्यानेच मला सांगितलं. दुसऱ्या वर्षी आली. तिसऱ्या वर्षी वरचा थरही बाहेरचा होता आणि पेटीवर गावाचं नाव छापलेलं. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तो आनंदाने पेढे वाटत होता, कारण भाव वाढणार होता. त्याला शिक्षा झाली का? झालेली नाही. धंदा उत्तम चाललाय. पण पहिल्या वर्षी ज्याची झोप उडाली होती तो माणूस आता त्याच्यात सापडत नाही. शास्त्रात याला संस्कार म्हणतात, प्रत्येक कृती मनात एक चाकोरी पाडते आणि पुढची कृती त्याच चाकोरीने जाते. कर्मसिद्धान्तातला हा भाग समजायला ना मागचा जन्म लागतो ना पुढचा. साकवावर सातवं पाऊल टाळायची सवय मलाही अशीच लागली होती. आधी पाय बिचकायचा, मग बिचकेनासा झाला.

हा तरुण दर श्रावणात अभिषेक करतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त पाप वजा पुण्य असा हिशेब शास्त्रात इतका सोपा नाही. ‘अवश्यमेव भोक्तव्यं कृतं कर्म शुभाशुभम्’ हे वचन सगळ्यांना ठाऊक आहे, शुभही भोगायचं आणि अशुभही, दोन्ही वेगवेगळी. धर्मशास्त्रातल्या प्रायश्चित्तातही केलेलं चारचौघांत कबूल करणं येतं. अभिषेकाला तो खालच्या थराचं नाव घेत नाही.

माझ्या विरोधात एक मुद्दा आहे आणि तो मला खोडता येत नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. माझ्या मामांच्या बागेतला उतरायला आलेला आंबा एका रात्रीत जमिनीवर आला, दोन माड गोठ्यावर पडले, आठवडाभर वीज नव्हती. मामा सकाळी बागेत फिरून आले, पाय धुतले आणि म्हणाले, “भोग म्हणायचे.” मग जेवले आणि झोपले. मी शहाणपणाने काही बोलायला गेलो असतो, विम्याबद्दल, पंचनाम्याबद्दल, तर तो मूर्खपणा झाला असता. त्या दुपारी त्या शब्दाने त्यांना सावरलं. मला जे खटकतं ते तोच शब्द तलाठ्याच्या, ठेकेदाराच्या, मंत्र्याच्या किंवा शेजाऱ्याच्या तोंडी आला की. मामा ‘भोग’ म्हणाले ते स्वतःच्या आंब्याबद्दल. आणि चार दिवसांनी उठून पंचनाम्याला हजरही राहिले.

आमच्याकडे जत्रेला, शिमग्याला देवासमोर गाऱ्हाणं घालतात. गावकर मोठ्याने म्हणतो, “बा देवा म्हाराजा…” आणि सगळा गाव, “व्हय म्हाराजा!” त्यात लेकरांचं रक्षण मागितलेलं असतं, चाकरमान्यांना यश मागितलेलं असतं, आणि एक ओळ हमखास असते, कळत नकळत आमच्याकडून काही चुकलं असेल तर पदरात घे. अनेकवचन आहे. कोणा एकाच्या मागच्या जन्माचा तिथे उल्लेख नाही. चूक गावाची, कबुली गावाची. गेल्या शिमग्याला मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना दादांकडे बघितलं. ते काठी टेकून उभे होते, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होते.

अपघातानंतर मी अर्ज लिहिला. पोच घेतली. त्यानंतर आणखी एक अर्ज, त्याचीही पोच. पाहणी झाली, अंदाजपत्रक झालं, ते कुठल्या टेबलावर आहे हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज झाला. दरम्यान वाडीतल्या लोकांनी एका रविवारी पडलेल्या माडाचे दोन सोट व्हाळावर आडवे टाकले, एका बाजूने सुंभाची दोरी बांधली. दादा पलीकडच्या दगडावर बसून कुठला सोट कसा फिरवायचा ते सांगत होते आणि कोणीच त्यांचं ऐकत नव्हतं. पाऊस लागला की सोटांवर शेवाळ धरतं, मग त्यावर राख टाकावी लागते. ती कोणी टाकायची याची पाळी लावली आहे. दोनदा माझी चुकली.

26 जानेवारीच्या ग्रामसभेची नोटीस परवा लागली. मी वहिनींना सांगितलं की साकवाचा विषय यावेळी पुन्हा मांडतो. त्या माशांना मीठ लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुमी रवा. ह्या खेपेक मिया येतलंय.”